पालावरच्या कुटुंबांचे दाखले: आधी काय, मग काय

जून आला की एखादं मंडळ पालावर, म्हणजे भटक्या-विमुक्तांच्या तंबूंच्या वस्तीवर, जातं. वह्या-दप्तरं वाटून होतात आणि हल्ली सोबत जातीच्या दाखल्यांचं शिबिरही लागतं. एका दिवसात ढीगभर अर्ज भरले जातात, फोटो निघतात. दिवाळीच्या सुमारास तेच अर्ज त्रुटी लागून परत येतात. तोवर पाल उठलेलं असतं आणि त्रुटीचा कागद कुणाच्या हातात द्यायचा, हेच कळत नाही. मी स्वतः अशी दोन शिबिरं केली आहेत. दुसऱ्यातले जवळजवळ सगळे अर्ज परत आले. चूक कार्यालयाची नव्हती, आमची होती. जे काम सगळ्यात शेवटी करायचं, ते आम्ही पहिल्या दिवशी करून बसलो होतो.

जातीचा दाखला नसला की भटक्या-विमुक्त कुटुंबापर्यंत शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा यांतलं काही पोचत नाही. त्यामुळे देणगीचा पैसा दप्तरांपेक्षा इथे लावणं शहाणपणाचं. पुढचा क्रम एका वस्तीसाठी आहे: साधारण पंचवीस-तीस कुटुंबं आणि हाताशी एक वर्ष. वर्ष जास्त वाटेल, पण त्याहून कमी वेळात हे काम नीट झालेलं मी पाहिलेलं नाही.

## तयारी: माणसं, पैसा, वेळ

तीन माणसं लागतात. एक वस्तीतलंच, लिहिता-वाचता येणारं. बऱ्याचदा ती नववी-दहावी झालेली सून किंवा मुलगी असते. दुसरं तहसील कार्यालयाच्या चकरा मारायला न कंटाळणारं. तिसरं हिशेब ठेवणारं. वस्तीतल्या माणसाला मानधन द्या. "आपल्याच लोकांचं काम आहे, फुकट कर" हे त्याला ऐकवू नका. तुमची सुट्टी असते म्हणून तुम्ही येता, त्याचा त्या दिवशीचा रोज बुडतो.

पैशाचंही तेच. सगळ्यात मोठा खर्च झेरॉक्सचा किंवा फीचा नसतो, बुडालेल्या रोजाचा असतो. भंगार गोळा करणारा किंवा मजुरीला जाणारा माणूस तालुक्याला तीन खेपा घालतो, चौथ्या खेपेला येत नाही, आणि आपण म्हणतो, "यांनाच गरज नाही." रोज आणि जीपचं भाडं अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा. देणगीदाराला आधीच सांगा की या खर्चाचा फोटो निघणार नाही. ज्याला फोटो हवा असेल त्याच्याकडून दप्तरंच घ्या, दाखल्यांसाठी पैसे घेऊ नका.

निधी गोळा करताना चार गोष्टी सांभाळा:

- कुणाच्याही वैयक्तिक खात्यात पैसे घेऊ नका. खजिनदाराच्या फोनवरचा क्यूआर कोड सोयीचा असतो आणि पुढे तोच भांडणाचं मूळ होतो.
- मंडळ नोंदणीकृत नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या. गणपतीच्या वर्गणीला घेतात तीच.
- देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत हवी असेल तर तसं प्रमाणपत्र असलेल्या संस्थेमार्फतच पैसे घ्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही.
- परदेशातल्या नातेवाइकाने पैसे पाठवतो म्हटलं तर आधी त्याचा पासपोर्ट कोणता ते विचारा. भारतीय नागरिक स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर अडचण नाही. त्याने अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परकीय देणगी ठरते, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) असो वा नसो. २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी असल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. "आपलाच भाचा आहे" हे उत्तर तिथे चालत नाही.

वेळेचं गणित वस्तीच्या फिरतीवर बसवा. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नाथपंथी डवरी गोसावी, वैदू, नंदीवाले, कोल्हाटी यांच्या वाटा वेगळ्या. ही सगळी माणसं वर्षातून एकदा तरी हमखास भेटतात ती यात्रेत: पौष पौर्णिमेला जेजुरी, होळीपासून पाडव्यापर्यंत मढी. या दोन तारखा भिंतीवर लिहून ठेवा. टप्पा ६ मध्ये त्या लागणार आहेत.

## टप्पा १: कुटुंबपत्रक

पहिले दोन महिने एकही अर्ज भरायचा नाही. प्रत्येक कुटुंबासाठी एक जाड कागद घ्यायचा, त्यावर आजोबा-पणजोबांपासून आजच्या तान्ह्या पोरापर्यंत सगळ्यांची नावं लिहायची. प्रत्येक नावापुढे जन्माचा अंदाज, कुठे जन्म, शाळेत गेला होता का आणि कोणत्या, आणि आज हातात कोणता कागद आहे, तेही लिहायचं.

"तुमचं वय किती?" असं विचारलं तर उत्तर येत नाही, आलं तर खरं नसतं. प्रसंग विचारा.

"आजी, पानशेत फुटलं तेव्हा तुमचं पाल कुठं होतं?"

"आईच्या कडेवर होते म्हणत्यात. सासवडच्या अंगाला."

पानशेत धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी मानीव तारीख, म्हणजे वाडवडील जिच्या आधीपासून महाराष्ट्रात राहत होते हे दाखवावं लागतं ती तारीख, आहे २१ नोव्हेंबर १९६१. म्हणजे एका प्रश्नात आजीचं वयही कळलं आणि कुटुंब त्या वर्षी कुठे होतं तेही. कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७), बहात्तरचा दुष्काळ आणि त्यात वाटलेलं सुकडीचं खाणं, किल्लारीचा भूकंप (सप्टेंबर १९९३) या खुणाही अशाच वापरता येतात.

सावध: पहिल्या भेटीत आधार कार्डांचे फोटो काढू नका. पारधी वस्तीत कागद मागणारा अनोळखी माणूस म्हणजे पोलीस, हा हिशेब पिढ्यांचा आहे. कागद लोक स्वतः काढून दाखवतील तेव्हाच पाहा.

तपासा: पत्रकात घरातल्या बायकांची माहेरची नावं आणि माहेरचं गाव आलं का? लग्न झालेल्या बाईची जात जन्माने ठरते. तिचे पुरावे तिच्या वडिलांच्या बाजूने गोळा करावे लागतात. ही बाब निम्म्या शिबिरांत सुटते.

## टप्पा २: नाव एकच ठरवा

घरात एक नाव, शाळेत दुसरं, आधारवर तिसरं आणि रेशनकार्डावर त्यातलंच एक चुकीच्या वेलांटीने, हे इथे नेहमीचंच. वडिलांच्या नावाचंही तसंच. अर्ज परत येण्याचं सगळ्यात साधं कारण हेच असतं, आणि सुधारायला सगळ्यात जास्त वेळ यालाच लागतो.

प्रत्येक माणसाला समोर बसवून विचारा: कागदावर कोणतं नाव हवं? त्याचं तो ठरवेल. "हे नाव जरा बरं दिसतं" म्हणून तुम्ही बदलू नका. ठरलेलं नाव देवनागरीत आणि इंग्रजीत, वडिलांच्या नावासह आणि आडनावासह, पत्रकात ठळक लिहा. पुढचा प्रत्येक फॉर्म त्यावरून पाहून भरायचा, आठवणीने नाही.

यात एकच बंधन पाळा. जुन्या शाळेच्या रजिस्टरात किंवा वडिलांच्या दाखल्यात जे नाव आहे, त्याच्या शक्यतो जवळ राहा. जुना कागद बदलता येत नाही, नवा बदलता येतो.

## टप्पा ३: जन्माची नोंद आणि शाळेचं रजिस्टर

हे दोन कागद पुढच्या सगळ्याचा पाया आहेत, म्हणून आधारच्या आधी हे.

जन्माची नोंद आहे का, ते जन्मगावच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत शोधा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर नोंद बऱ्याचदा असते, फक्त बाळाचं नाव घातलेलं नसतं. नोंद नसेल तर अनुपलब्धतेचा दाखला घ्या. जन्माला वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. महाराष्ट्रात २०२५ पासून या विलंबित नोंदींची छाननी फार कडक झाली आहे, केवळ आधार जोडून काम भागत नाही. माहिती खोटी निघाली तर गुन्हा दाखल होतो. त्यामुळे अंदाजाची तारीख "पक्की आहे" असं कुणाकडूनही लिहून घेऊ नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मदाखलाच जन्माचा पुरावा म्हणून लागणार आहे, तेव्हा वस्तीतल्या तान्ह्या बाळांची नोंद आजच करा. एवीतेवी सगळ्यात सोपं काम तेच आहे.

आता शाळा. वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये हे स्पष्ट आहे. मुख्याध्यापकांना ते नम्रपणे दाखवा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पण प्रवेश मिळाला म्हणून तिथून लगेच निघू नका. रजिस्टरमध्ये नोंद होताना शेजारी उभे राहा. तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहितात. कित्येक वस्त्यांमध्ये निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला असतो तो त्यामुळेच. आणि जातीच्या रकान्यात बघा. तिथे नुसतं "हिंदू", नुसतं "भटके" किंवा नुसतं "पारधी" असं लिहिलं गेलं की पुढे वीस वर्षं त्याची किंमत मोजावी लागते.

सावध: शाळेच्या रजिस्टरातली चूक मूल शाळेत शिकत असेपर्यंतच सहजी दुरुस्त होते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की ते दार जवळजवळ बंद. म्हणून चौथी, सातवी आणि दहावीच्या मुलांची रजिस्टरं आधी तपासा.

## टप्पा ४: आधार, मतदारयादी, रेशन

शिबिरवाले सुरुवातच आधारने करतात, कारण ते लवकर होतं. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते आणि नाव दोनदा. शिबिरात घाईघाईत अंदाजाची तारीख घातली आणि नंतर शाळेत वेगळी निघाली, की ती एकमेव संधी तिथेच खर्च होते. जन्मदाखला किंवा शाळेची नोंद हातात आल्यावरच आधार केंद्रावर जा. ओळखीचा-पत्त्याचा कागद नसलेल्या मुलाची नोंदणी कुटुंबप्रमुखाच्या आधार कार्डावरून होऊ शकते, नात्याचा पुरावा मात्र लागतो. पाच आणि पंधरा वर्षांच्या वयाला ठसे पुन्हा द्यायचे असतात, हे पत्रकात लिहून ठेवा.

प्रौढांसाठी मतदारनोंदणी फार उपयोगी पडते. बेघर माणसाकडे पत्त्याचा कागद मागता येत नाही, ही निवडणूक आयोगाची सूचना आहे. त्याऐवजी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री प्रत्यक्ष जाऊन तो माणूस तिथे झोपतो का, हे पाहायचं. अधिकाऱ्यालाही हे माहीत नसतं, निदान आमच्या भागात नव्हतं. रात्री त्याच्यासोबत तुमच्यातलं कुणीतरी जा, वस्तीला आधी सांगून ठेवा. रात्री टॉर्च घेऊन आलेली माणसं पाहून पाल रिकामं होऊ शकतं.

रेशनकार्ड याच टप्प्यात. नाव आधी दुसऱ्या गावच्या कार्डावर असेल तर तिथून कमी करून घ्या, नाहीतर दोन्हीकडे अडकतं.

## टप्पा ५: जातीचं नाव, प्रवर्ग आणि कार्यालय

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. सावकाश वाचा.

वस्ती स्वतःला जे म्हणवते ते नाव आणि सरकारी यादीतलं नाव एकच असेल असं नाही. पारध्यांचंच घ्या. फासेपारधी, लंगोली पारधी, चिता पारधी, टाकणकार हे अनुसूचित जमातीत येतात. राज-पारधी आणि पाल-पारधी विमुक्त जातीत. कैकाडी विदर्भात (चंद्रपूर जिल्ह्यातला राजुरा तालुका सोडून) अनुसूचित जातीत, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. म्हणजे अर्जदार "पारधी" म्हणाला म्हणून तुम्ही अंदाजाने एखादा प्रवर्ग टाकला, तर पुढे जातीचे दाखले तपासणाऱ्या पडताळणी समितीसमोर त्याच्या पोराचा प्रवेश जाऊ शकतो. जुन्या कागदात जो शब्द आहे तोच शब्द अर्जात. त्यात पोटजात नसेल तर चौकशी करा, स्वतः भर घालू नका.

पारध्यांत भोसले, पवार, काळे, चव्हाण, शिंदे ही आडनावं सर्रास असतात. खिडकीपलीकडून "ही तर मराठ्यांची आडनावं" असं ऐकायला मिळेल. वाद घालू नका, नातेवाइकांच्या दाखल्यांच्या प्रती पुढे ठेवा.

मग मानीव तारीख. अर्जदाराच्या वाडवडिलांचं महाराष्ट्रातलं वास्तव्य या तारखेच्या आधीचं दाखवावं लागतं:

- अनुसूचित जाती: १० ऑगस्ट १९५०
- अनुसूचित जमाती: ६ सप्टेंबर १९५०
- विमुक्त जाती, भटक्या जमाती: २१ नोव्हेंबर १९६१
- इतर मागास वर्ग, विशेष मागास प्रवर्ग: १३ ऑक्टोबर १९६७

आणि कार्यालय. आज पाल पुण्यात आहे म्हणून पुण्यातल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा नसतो. मानीव तारखेला वाडवडील ज्या भागात राहत होते, तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा. आमच्या दुसऱ्या शिबिराचा बळी इथेच गेला. तिसाच्या वर अर्ज आम्ही एकाच कार्यालयात दिले, आणि ती कुटुंबं मुळात चार वेगवेगळ्या तालुक्यांतली निघाली. वडिलांकडे आधीच वैध दाखला असेल तर गोष्ट सोपी होते. तेव्हा कुठे अर्ज घेतील, ते अर्ज भरण्याआधी विचारून घ्या.

तपासा: प्रत्येक कुटुंबपत्रकाच्या वरच्या कोपऱ्यात तीन गोष्टी लाल शाईने आल्या का: यादीतलं नेमकं नाव, मानीव तारीख, कार्यालय. आल्या नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: जुना पुरावा शोधणं

कायद्यानुसार जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. ज्यांच्या नावावर कधी जमीन नव्हती, घर नव्हतं, त्यांच्याकडे सातबारा किंवा फेरफार मागितला जातो. तो नसणारच, म्हणून दुसरीकडे शोधायचं.

शाळा. आजोबा, चुलते, आत्या यांपैकी कुणीही चार महिने जरी शाळेत गेलं असेल, तर प्रवेश-निर्गम रजिस्टरमध्ये नाव असतं. शोध आजोबांवरच थांबवू नका. चुलत आजोबाही चालतात, कारण वडिलांकडचं रक्ताचं नातं धरलं जातं. मामाचा दाखला सहसा उपयोगाचा नसतो, कितीही जुना असला तरी.

ग्रामपंचायत आणि तहसील. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींत, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात, जात लिहिलेली असते. मृत्यूची नोंदही शोधा. जन्म रस्त्यात झाला तरी मृत्यू कधीकधी गावाच्या हद्दीत नोंदला गेलेला असतो. जुनी पुस्तकं मोडी लिपीत निघाली तर वाचणारा माणूस गाठावा लागेल, त्याची फी अंदाजपत्रकात धरा.

नोकरी. कुटुंबातलं कुणी नगरपालिकेत, एसटीत, शाळेत शिपाई असेल तर सेवापुस्तकाचा पहिल्या पानाचा उतारा मिळवा.

पोलीस आणि तुरुंग. ऐकायला कडू आहे, पण पणजोबांची जात ज्या कागदावर स्वच्छ अक्षरात आहे तो बऱ्याचदा जुन्या फिर्यादीचा, तुरुंगाच्या नोंदीचा किंवा सोलापूरसारख्या ठिकाणच्या सेटलमेंटचा (इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना कोंडून ठेवायची वसाहत) असतो. ज्या नोंदीने घराण्याला गुन्हेगार ठरवलं, तीच आज नातवाच्या कामी येते. ती मागायची की नाही, हे कुटुंबाला ठरवू द्या. काही जण नको म्हणतात, आणि त्यांचं कारण तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही. हो म्हणाले तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस.

वंशावळ. इथे मढी आणि जेजुरी. पसरलेली भावकी यात्रेत एका जागी भेटते. कोणाचा चुलता कोण, कुणाच्या पोराला पडताळणीचं प्रमाणपत्र मिळालंय, हे तिथे एका संध्याकाळी कळतं. एरवी त्याला वर्ष लागेल. मोठा कागद पसरून वंशावळ तिथेच काढा, म्हाताऱ्यांकडून दुरुस्त करून घ्या. भावकीत एकाचं वैध प्रमाणपत्र सापडलं तर ते दहा जुन्या उताऱ्यांच्या बरोबरीचं.

काहीच सापडलं नाही, तर लेखी अर्ज करून गृहचौकशीची मागणी करा. तलाठी, मंडळ अधिकारी प्रत्यक्ष वस्तीत येऊन जबाब घेतात, पंचनामा करतात. आधी कुठे कुठे शोधलं आणि "नोंद आढळत नाही" अशी कोणती लेखी उत्तरं मिळाली, ती सोबत जोडा. नुसतं "कागद नाहीत" म्हणण्यापेक्षा ही उत्तरं फार वजनदार ठरतात.

सावध: जातपंचायतीचं पत्र पुरावा ठरत नाही, आणि त्यासाठी पंचांना पैसे मोजायची तर अजिबात गरज नाही. "करून देतो" म्हणणाऱ्या एजंटापासूनही लांब राहा. खोट्या जातप्रमाणपत्राला सहा महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते, आणि ती एजंटाच्या आधी अर्जदाराला भोवते.

## टप्पा ७: अर्ज

इतकं झाल्यावर अर्ज हे अर्ध्या तासाचं काम आहे. आपले सरकार पोर्टलवर किंवा सेवा केंद्रात भरा. एकेका कुटुंबातला ज्याचा पुरावा सगळ्यात भक्कम त्याचा अर्ज आधी. त्याचा दाखला आला की तोच भावंडांना पुरावा होतो. सगळ्यांचे अर्ज एकदम टाकलेत तर एकाच त्रुटीने सगळे पडतात.

प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्प आणायला सांगणारे अजून भेटतात. किमान मुद्रांक ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० वरून ५०० झाला हे खरं, पण जात, उत्पन्न, रहिवास, नॉन-क्रीमीलेअर अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क सरकारने माफ केलेलं आहे. तीस कुटुंबांचे स्टॅम्प म्हणजे पंधरा हजार रुपये. त्यात एका कार्यकर्त्याचं दोन-तीन महिन्यांचं मानधन निघेल.

पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोचवरचा क्रमांक आणि तारीख पत्रकात लिहा.

मुदत उलटली आणि उत्तर नाही, तर लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली पहिलं अपील. अर्ज नाकारला, तर कारणांसह लेखी आदेश मागा आणि जातप्रमाणपत्र कायद्याखाली ३० दिवसांत अपील करा. ही दोन अपिलं वेगळी आहेत, ती एकमेकांत मिसळू नका. तोंडी "नाही होणार" हा आदेश नव्हे.

## टप्पा ८: पडताळणी

दाखला हातात आला म्हणजे काम संपलं, या समजुतीने कित्येक मुलं बारावीनंतर अडकली आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि तिथे पुन्हा सगळे मूळ पुरावे तपासले जातात. अकरावीत असतानाच अर्ज करा. अनुसूचित जमातीची समिती वेगळी, बाकीच्या प्रवर्गांची जिल्ह्यात. विमुक्त-भटक्यांना याशिवाय नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रही लागतं, अनुसूचित जाती-जमातींना नाही.

समितीचं दक्षता पथक चौकशीला आलं तर घरातल्या म्हाताऱ्यांना रूढी, देव, भाषा, लग्नाच्या रीती विचारतात. त्यांना उत्तरं पढवू नका. खरं ते सांगू द्या. पढवलेलं चटकन कळतं.

## टप्पा ९: हिशेब आणि फाइल

दर महिन्याला वस्तीतच बसून हिशेब वाचून दाखवा, देणगीदाराला पाठवण्याच्या आधी. कोणाच्या रोजाला किती दिले, हे त्याच्यासमोर वाचलं जाऊ द्या. आकडा चुकला असेल तर तिथेच कळतं.

मूळ कागद मंडळाच्या कपाटात ठेवू नका. "तुमच्याकडे हरवतील" हे म्हणणं सोपं आहे, पण मंडळ फुटतं, कार्यकर्ता गाव बदलतो, आणि मग कुटुंब कागदांसाठी दारोदार फिरतं. एक संच डिजिलॉकरमध्ये, एक झेरॉक्स संच शाळेत मुख्याध्यापकांकडे, आणि मूळ कागद कुटुंबाकडे. पालात पावसाचं पाणी येतं, आग लागते, म्हणून पत्र्याची छोटी पेटी द्या, आत चेनची प्लास्टिक पिशवी. लॅमिनेशन करून देऊ नका. मूळ कागद तपासणीला मागतात तेव्हा मागचा शिक्का आणि कागदाचा पोत पाहतात, लॅमिनेट केलेल्यावर शंका घेतात. पेटीची किल्ली घरातल्या बाईकडे द्या. पाल हलताना पेटी डोक्यावर घेणारी तीच असते.